पहिली किट कार बांधताय? या चुका टाळा

यूकेत राहणारे आपले मराठी लोक, त्यातही कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमच्या पट्ट्यात ऑटोमध्ये नोकरी करणारे, मला एक प्रश्न हमखास विचारतात, की किट कार (सुट्या भागांचा संच आणून घरी जोडायची गाडी) बांधायचीय, कुठली घेऊ? आणि लगेच पुढचा प्रश्न पॉवरचा. माझं उत्तर ठरलेलं आहे, जी तुमच्याकडून पूर्ण होईल ती घ्या. इथे कितीतरी गॅरेजांमध्ये ताडपत्रीखाली अर्धवट चेसिस पडून आहेत. बांधणाऱ्यांना पाना धरता येत नव्हता असं नाही, बऱ्याचदा सुरुवातीलाच गाडी चुकीची निवडलेली असते, किंवा आयव्हीएची (गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी) आठवण गाडी रंगवून झाल्यावर आलेली असते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. लोटस सेव्हन १९५७ साली आली, ती सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली तर त्या वेळचा पर्चेस टॅक्स वाचायचा, म्हणून हा प्रकार इथे इतका रुजला. १९७३ ला व्हॅट आला आणि तो फायदा संपला, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमने घेतले आणि ती गाडी आजही बनते. तिच्याच ढंगाच्या बऱ्याच किट बाजारात आहेत.

दिसण्यावर भाळून कोब्रा घेणं

कोब्रा रेप्लिका (जुन्या एसी कोब्रा स्पोर्ट्स कारची नक्कल) कोणालाही आवडेल, मलाही आवडते. पण पहिल्या बिल्डला नको. फायबरग्लासची मोठी बॉडी, दरवाजे, बॉनेट, डिकी, सगळ्यांच्या फटी सारख्या करायच्या, जेलकोट (फायबरग्लासचा वरचा थर) घासायचा, मग पेंट, आणि तो पेंट स्वस्तात चांगला होतच नाही. सेव्हन टाइपच्या गाडीला बहुतेक सपाट अॅल्युमिनियमचे पॅनल, चाकावर छोटी विंग (मडगार्ड), दरवाजे जवळपास नाहीतच, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक नटापर्यंत हात पोचतो. पहिल्या गाडीला एवढं पुरे.

आणि घ्यायच्या आधी त्यात बसून बघा, हे लोक का करत नाहीत मला कळत नाही. सेव्हनचा पायाकडचा भाग इतका अरुंद असतो की रोजचे बूट घालून ब्रेक दाबला तर अॅक्सिलरेटरही दाबला जातो. उंच माणसाचे गुडघे स्टीअरिंगला लागतात. कॉव्हेंट्रीजवळ स्टोनलीला वर्षानुवर्षं किट कारचं प्रदर्शन भरत आलंय, तिथे जा, चार-पाच गाड्यांत बसा, मालकांशी बोला, माणसं भरभरून सांगतात.

डोनर आणि कागद

डोनर म्हणजे जी मोडून भाग काढायचे ती जुनी गाडी. जुन्या बऱ्याच किट फोर्ड सिएरावर बेतलेल्या आहेत. सिएरा १९९३ ला बंद झाली, आता चांगली मिळणं अवघड आणि मिळाली तर ती मोडायला जीव होत नाही. त्यामानाने माझदा एमएक्स-५ सोपी, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, आणि तिचे सिल (दाराखालच्या पट्ट्या) गंजून एमओटीला (इथली वार्षिक तपासणी) नापास झालेले असतात पण इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत, म्हणजे डोनर म्हणून अगदी योग्य. एमईव्ही एक्सोसेटसारखी किट तर जवळजवळ सगळी यंत्रणा एकाच एमएक्स-५ मधून उचलते. जीबीएस झीरोही एमएक्स-५ वर बांधता येते.

चालू नसलेला डोनर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. चालवून बघा, प्रत्येक गिअर टाकून बघा, इंजिन गरम होऊ द्या. कारण नंतर गाडी सुरू झाली नाही तर दोष मूळचा की तुमच्या वायरिंगचा हे शोधत बसाल. मोडताना प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेप लावून नाव लिहा, फोटो काढा, आणि वायरिंग लूम (वायरांचा जुडगा) कापू नका, जास्तीची वायर गुंडाळून ठेवा पण सुरुवातीला कापू नका. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असेल तर किल्ली आणि ईसीयूची (इंजिनाचा कॉम्प्युटर) जोडी फुटता कामा नये.

आता कागद. डोनरचं व्ही५सी (नोंदणीचा कागद) सांभाळा, गाडी मोडली म्हणून घाईने कुठे पाठवून देऊ नका, आणि प्रत्येक पार्टची पावती एका फाइलमध्ये ठेवा. सगळे भाग नवे असतील (एखादा रिकंडिशन्ड चालतो, पुराव्यासकट) तर चालू वर्षाचा नंबर मिळू शकतो (इथल्या नंबरवरून गाडीचं वय कळतं), डोनरचे किमान दोन मुख्य भाग वापरले आणि ते सिद्ध करता आलं तर त्या डोनरच्या वयाचा, आणि काहीच सिद्ध करता आलं नाही तर क्यू प्लेट, म्हणजे वय नक्की नसलेल्या गाडीचा नंबर. क्यू प्लेटने गाडी वाईट होत नाही पण विकताना गिऱ्हाईक हमखास घासाघीस करतं. इंजिनाच्या वयाचा पुरावाही लागतो, एमिशनची मर्यादा त्यावर ठरते.

दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं प्रोजेक्ट घेत असाल तर आधी कागद, मग चेसिसची वेल्डिंग, मग बाकी. "नव्वद टक्के झालंय" असं जाहिरातीत असतं, पण उरलेलं दहा टक्के म्हणजे वायरिंग, ट्रिम, आयव्हीए, म्हणजे खरं सगळं कष्टाचं काम.

आयव्हीए शेवटी बघू म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डीव्हीएसएचं (वाहन तपासणारं सरकारी खातं) आयव्हीए मॅन्युअल पहिल्या दिवशी डाउनलोड करा आणि ब्रॅकेट लावताना उघडून ठेवा. बाहेरून १०० मिलिमीटरचा गोळा जिथे टेकू शकतो तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी, म्हणजे विंगच्या कडा, नंबरप्लेट, आरशांचे दांडे, सस्पेन्शनचे बोल्ट, सगळं आलं. आतल्या डॅशबोर्डलाही असाच नियम, तिथे गोळा १६५ चा. रबरी ट्रिम नुसती अडकवलेली चालत नाही, ओढली तर निघू नये. लाइट कुठे आणि किती उंचीवर, आरशातून किती दिसतं, सीट बेल्ट कुठे बांधलाय, हे सगळं ठरलेलं आहे. पॅनलला भोकं पाडून रंगवल्यावर इंडिकेटर सरकवायची वेळ आली की माणूस रडकुंडीला येतो. म्हणून आधी सगळी गाडी रंगाशिवाय जोडा, तपासा, मग उघडून रंगवा.

नेहमी येणारे बिघाड

ब्रेक पेडल स्पंजसारखं लागतं, कितीही ब्लीड केलं (ब्रेक ऑइलमधली हवा काढली) तरी सुटत नाही. मास्टर सिलिंडर बदलण्याआधी कॅलिपरकडे (चाकाजवळचा, ब्रेक पॅड दाबणारा भाग) बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला की ब्लीड निपल खाली येतो, आणि हवा तर वर राहणार. निपल सगळ्यात वर असलाच पाहिजे.

लाइटचे भुताटकीचे प्रकार, म्हणजे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, हेडलाइट लावला की फ्युएल गेज हलतो, हे बहुतेक अर्थिंगचं असतं. फायबरग्लासमधून करंट जात नाही आणि पावडर कोट केलेल्या चेसिसमधूनही बोल्ट नुसता कसून अर्थ मिळत नाही. कोट खरवडून उघड्या धातूवर रिंग टर्मिनल लावा, वर ग्रीस, आणि प्रत्येक लाइटला स्वतःची अर्थ वायर ओढा. आणखी एक, स्टार्टर मारला की इंजिन जड फिरतं आणि अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते. इंजिन रबर माउंटवर आहे आणि इंजिन ते चेसिस अर्थ स्ट्रॅप लावायचा राहिलाय, सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून जातोय. लगेच थांबा, केबल जळते.

ट्रॅफिकमध्ये गरम होणं. सेव्हनचं नाक खाली आणि इंजिन त्याहून वर, त्यामुळे हवा इंजिनाच्या डोक्यात अडकते. एक्स्पान्शन टँक (कूलंटची जादा टाकी) कूलिंगमधला सर्वात उंच बिंदू हवा. पंखा उलटा फिरत नाही ना तेही बघा, कागदाचा तुकडा रेडिएटरपुढे धरा, तो रेडिएटरकडे ओढला गेला पाहिजे. दोन वायर उलट्या जोडल्या की पंखा समोरून येणाऱ्या हवेशीच भांडतो.

वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, आयव्हीएला यावरून हलक्या गाड्या नापास होतात. कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) वाढवा, टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत) तपासा, आणि रॅक किंवा कॉलमचा जॉइंट कुठे आखडलाय का बघा.

पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्यांसाठी, भारतात घरी बांधलेल्या गाडीला असा मार्ग नाही. गाडीला टाइप अप्रूव्हल (मॉडेलची अधिकृत मंजुरी) लागतं, एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून, आणि मूळ गाडीत मोठे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. शिकत असाल तर कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला भारतच्या (विद्यार्थ्यांनी गाडी बांधायच्या स्पर्धा) टीममध्ये घुसा, तिथे हेच सगळं हाताने करता येतं.

गाडी पास झाली, नंबर लागला, की लगेच लांबच्या ट्रिपला निघू नका. पहिले पन्नास-शंभर मैल घराच्या आसपास फिरा, परत येऊन व्हील नट, सस्पेन्शनचे बोल्ट, प्रॉपशाफ्टचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, प्रत्येकावर पेंट पेनने रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरलाय.