पावलं मोजताय? आधी या चुका टाळा

गेल्या गणपतीत आईच्या मनगटावर नवा फिटनेस बँड होता. सकाळपासून ती स्वयंपाकघरात, संध्याकाळी आरती, मग आल्यागेल्याचं चहापाणी. रात्री तिनं हात माझ्यापुढे धरला. "अगं, मी आज जिनासुद्धा उतरले नाही, आणि हा सात हजार पावलं दाखवतोय. हे खरं असेल तर वेगळं फिरायला जायचं कशाला?"

आईचं वय ६७, मधुमेहाला बारा वर्षं झालेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. त्यामुळे तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी तिच्या शेजारी उभी राहून बँडकडे बघत राहिले. पहिली आरती सुरू होताना आकडा १,९४० होता. तबक फिरवायला घेतलं तोवर तो २,७००च्या पुढे गेला होता. आई जागची हलली नव्हती, फक्त टाळ्या वाजवत होती.

पावलं मोजणारी जवळपास सगळी साधनं असंच काम करतात. आत एक छोटा सेन्सर असतो, ॲक्सेलरोमीटर. पाय त्याला दिसत नाहीत. त्याला कळतात ते हिसके: वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी. ठरावीक तालात सलग काही हिसके आले की तो त्यांना चालणं समजतो. मध्येच हात हलवला, केस विंचरले, तर ते बहुतेक गाळलं जातं. टाळ्या, कणीक मळणं, हातानं धुणं मात्र तालात चालतं, म्हणून ते पावलांत जमा होतं. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी चालवली तरी काही पावलं फुकट मिळतात. उलट प्रकारही तितकाच होतो. मॉलमधली ट्रॉली किंवा बाळाची गाडी ढकलताना, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना, जिन्याचा कठडा धरून चढताना हात झुलत नाहीत. पाय चालतात आणि बँड गप्प राहतो. ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरून चालणाऱ्यांचीही हीच गत.

म्हणून पहिली चूक ही, की आकडा तपासून न बघताच त्यावर विश्वास टाकायचा. तपासायला एक मिनिट लागतं. आकडा बघून ठेवा, नेहमीच्या चालीनं मनातल्या मनात मोजत बरोबर शंभर पावलं टाका, थांबा, काही सेकंदांनी परत बघा. काही बँड पहिली आठ-दहा पावलं उशिरा जमा करतात, म्हणून ही घाई नको. ९० ते ११० च्या दरम्यान आकडा आला तर रोजच्या वापराला पुरे. त्याबाहेर गेला तर बँड कुठे आणि कसा बांधलाय ते बघा. मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, घसरणार नाही इतपत घट्ट, हे त्याचं ठिकाण. ॲपमध्ये 'उजवा हात' की 'डावा हात' असं विचारलेलं असतं, तिथे खरं उत्तर द्या. ज्या हातानं आपण दिवसभर काम करतो त्या हातात बँड असेल तर खोटी पावलं जास्त पडतात. आईचा बँड आम्ही उजव्यातून डाव्या हातात घातला. पोळ्या लाटतानाची गडबड बरीच थांबली. आरतीच्या वेळी ती तो काढून ठेवते.

काठी घेऊन, वॉकर धरून किंवा पाय घासत हळू चालणाऱ्यांच्या बाबतीत मनगटावरचं साधन खूप कमी मोजतं. घरातल्या आजी-आजोबांना "आज फक्त आठशेच?" असं विचारण्याआधी हे लक्षात घ्या. तेच साधन कमरेशी किंवा पायजम्याच्या खिशात ठेवून शंभर पावलांची चाचणी पुन्हा करा. तरीही चुकत असेल तर पावलांचा नाद सोडून मिनिटं मोजा. सकाळी दहा, संध्याकाळी दहा.

आता फोनबद्दल, कारण बहुतेकांकडे बँड नसतो, फोनच असतो. फोन अंगावर असेल तेवढंच चालणं तो मोजतो. हे सांगायची गरज नाही असं वाटेल. तरी मी माझ्या ओळखीच्या सात-आठ जणींना विचारलं, घरात असताना तुमचा फोन कुठे असतो? ओट्यावर, चार्जिंगला, टीव्हीजवळ, देवघराच्या फळीवर. पुरुषांचा फोन शर्टाच्या किंवा पॅंटच्या खिशात असतो. साडीला खिसा नाही, बऱ्याच कुर्त्यांना नाही, लेगिंग्जना तर नाहीच. दिवसभर बेडरूम ते बाल्कनी ते स्वयंपाकघर अशा शंभर फेऱ्या मारणारी बाई रात्री फोनवर १,२०० बघते आणि आपण आळशी आहोत असं समजते. मला हे फार लागतं. तिचं चालणं झालेलं असतं, फक्त त्याची नोंद नसते.

याला उपाय शिंपीकाकांकडे आहे. आता मी प्रत्येक कुर्त्याला उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा लावून घेते, फोन पूर्ण आत बसेल इतका खोल. साडी नेसणाऱ्यांसाठी कमरेला बांधायचा छोटा पाउच किंवा साधा बँड बरा. फोन खांद्याच्या पर्समध्ये ठेवला तर पर्स अंगालगत असावी. लोंबती पर्स स्वतःच्या तालात झुलते आणि आकडा बिघडतो.

फोन खिशात असूनही पावलं शून्य किंवा अर्धवट दिसत असतील, तर क्रमानं एवढं बघा. अँड्रॉइड १० पासून ॲपला शारीरिक हालचालीची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नाकारली गेली असेल तर ॲप गुपचूप बसून राहतं. आयफोनमध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमधलं 'मोशन अँड फिटनेस' चालू हवं. त्यानंतर बॅटरी. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप्स झोपवतो. ॲपच्या माहितीत जाऊन त्याचा बॅटरी वापर 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. बऱ्याच जणांची अडचण इथेच सुटते. तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: अँड्रॉइडमधला पावलांचा मूळ मोजणारा फोन रीस्टार्ट झाला की शून्यावर जातो. चांगलं ॲप आधीचा आकडा लिहून ठेवतं, साधंसुधं ॲप तो हरवतं. दुपारी फोन बंद-चालू केल्यावर सकाळची पावलं गायब होत असतील तर ॲप बदला.

आणि एकाच वेळी तीन ॲप्स ठेवू नका. बँड आणि फोन दोन्ही एकाच ॲपला आकडे पाठवत असतील तर काही ठिकाणी पावलं दुप्पट होतात. डेटा कुठून घ्यायचा हे ठरवायची सोय असते, तिथे एकच साधन वर ठेवा. दोन साधनांचे आकडे एकमेकांशी जुळवत बसण्यातही अर्थ नाही, ते जुळणार नाहीत. आजचा आकडा त्याच साधनाच्या कालच्या आकड्याशी ताडून बघा.

अंतर चुकत असेल तर बहुधा पावलाची लांबी चुकलेली असते. ॲप ती तुमच्या उंचीवरून अंदाजानं धरतं. जवळच्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर सगळ्यात आतल्या लेनमधून एक फेरी मारा आणि पावलं मोजा. ५८० झाली तर एक पाऊल साधारण ६९ सेंटिमीटरचं. ते ॲपमध्ये घाला.

एवढं केल्यावर आकडा बऱ्यापैकी खरा होतो. पुढच्या चुका त्या आकड्याचं आपण काय करतो याच्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक १०,००० ला चिकटून बसण्याची. हा आकडा कुठल्या वैद्यकीय पाहणीतून निघालेला नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं, त्यानंतर जपानमध्ये चालण्याचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पाऊलमापक बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. नाव गाजलं, आकडा जगभर गेला. संशोधन खूप नंतर झालं. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७,००० अमेरिकन स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी आढळलं. फायदा ७,५०० पर्यंत वाढत गेला, पुढे जवळपास सपाट झाला. २०२५ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच पाहण्यांचा एकत्र आढावा आला. त्यातही रोज ७,००० पावलांशी २,००० च्या तुलनेत ४७ टक्के कमी मृत्यूचं प्रमाण जोडलेलं दिसलं. अशा पाहण्यांतून चालण्यामुळेच आयुष्य वाढलं असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण जे धडधाकट असतात ते मुळातच जास्त चालतात. पण दिशा स्पष्ट आहे. २,५०० वर असलेल्या माणसाला ४,५०० वर जाण्यात सर्वांत जास्त लाभ आहे. दहा हजार जमत नाहीत म्हणून तो चालणंच सोडून देतो, याचं मला खरोखर दुःख होतं.

तेव्हा एक आठवडा काहीही न बदलता नुसती नोंद घ्या. सात दिवसांची सरासरी काढा. पुढच्या दोन आठवड्यांत त्यात ५०० ते १,००० मिळवा. हजार पावलं म्हणजे दहा मिनिटं.

वेगाकडे न बघणं ही पुढची चूक. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की बहुतेक प्रौढांसाठी ते मध्यम दमाचं चालणं होतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते ती याच प्रकारच्या श्रमाची. घड्याळ बघायचं नसेल तर बोलून बघा. शेजारणीशी बोलता येतं पण गाणं म्हणता येणार नाही, असा दम लागला पाहिजे. दिवसभरात सात हजार झाली आणि त्यातलं एकही मिनिट दम लागण्याचं नव्हतं, तर रोज दहा-पंधरा मिनिटं तरी झपझप चाला. शिवाय पावलं कितीही झाली तरी दंड, पाठ, मांड्या यांना वेगळा व्यायाम लागतो, आठवड्यातून दोनदा तरी. आई खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते, दोनदा.

सकाळी सहा हजार उरकायची आणि मग रात्रीपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हेही बरोबर नाही. इथे आपली शतपावली कामाला येते. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाची २०१६ सालची एक छोटी पाहणी आहे, टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांवर. दिवसातून एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि सर्वांत जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला. आपल्याकडे शतपावली म्हणजे गच्चीवर दोन चकरा. खरोखर शंभरच पावलं टाकली तर ती एका मिनिटात संपते. तिला दहा मिनिटं द्या, हजार पावलं होतील. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि खिशात साखर ठेवा.

फिरून आल्यावर "आज झालं की चालणं" म्हणून वडापाव घेणाऱ्यांसाठी एवढंच: ६० किलोच्या माणसाचे तीन किलोमीटर चालण्यात साधारण दीडशे कॅलरी जातात. एका वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास असतात.

एकदम उडी मारू नका. पुण्याहून सासवडला जाणारा वारीचा टप्पा दिवे घाट चढून तीस किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ ४०,००० पावलं. दरवर्षी हौसेनं त्या एका दिवसापुरते सामील होणारे खूप असतात. आदल्या दिवसापर्यंत तीन हजारांवर असलेली माझी मैत्रीण अशीच गेली, नवे बूट घालून. दोन्ही टाचांना फोड आले, आणि मग तीन महिने सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ यायची. पहिल्या पावलालाच टाच दुखते आणि थोडं चालल्यावर बरी वाटते, तेव्हा तळव्याचा पट्टा बहुधा सुजलेला असतो. अशा वेळी पावलं निम्म्यावर आणा, मऊ तळव्याचे बूट घ्या, घरातही अनवाणी चालू नका. मधुमेह असणाऱ्यांनी तर रोज रात्री तळवे आरशात बघावेत, कारण फोड आलाय हे त्यांच्यातल्या अनेकांना जाणवतच नाही.

सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून तापात चालणं, रात्री पावणेबाराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालणं, ही ॲपनं लावलेली सवय आहे. मध्ये एक दिवस गेला तर गेला. चालताना छातीत दाब आला, हात किंवा जबडा दुखायला लागला, घेरी आली, तर आकडा काहीही असो, तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा.

आईनं आता ॲप उघडणं सोडलंय. रात्री ती बँडवरचा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. रविवारी मी सरासरी काढून देते. गणपतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात खरा आकडा ३,१०० निघाला होता. गेल्या रविवारी ५,४०० आला. त्यातले दीड हजार रात्रीच्या जेवणानंतरचे आहेत.