घरचा पीसी ऑफिसातून सुरू करायचा असेल तर

कोथरूडच्या घरातला पीसी हिंजवडीतून सुरू करायचाय? आधी राउटरपासून लॅन केबल ओढा, वायफायच्या भरवशावर राहू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची मूळ सेटिंग) ‘वेक ऑन लॅन’, म्हणजे नेटवर्कवरून पीसी उठवायची सोय चालू करा आणि ‘ईआरपी’ ही वीजबचतीची सेटिंग बंद करा. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये मॅजिक पॅकेटला (पीसीला उठवणारा छोटा संदेश) टिक करा, ‘फास्ट स्टार्टअप’ काढा. पीसी उठत नाही त्यामागे बरेचदा हे फास्ट स्टार्टअपच असतं. शटडाउननंतरही केबलच्या सॉकेटमधला दिवा लागलेला दिसला पाहिजे.

१०२ बाइटांचं हे मॅजिक पॅकेट घरच्या नेटवर्कपुरतंच फिरतं. म्हणून घरी एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) कायम चालू ठेवा, व्हीपीएनने, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेने, त्यात शिरा आणि तिथून पॅकेट पाठवा. पॅकेट बाहेरून थेट आत यावं म्हणून राउटरचा पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं दार) मात्र उघडू नका. वीज जाऊन आली की काही कार्डं पॅकेटला दाद देत नाहीत. त्यासाठी बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ निवडा.