टेकडीवर रोपे लावताना या चुका टाळा

२०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले होते. मोठ्या आकड्यांची ही सवय गावोगावच्या गटांनाही लागली आहे. किती रोपे लावली हे फलकावर लिहिले जाते, पण पुढच्या मे महिन्यात त्यांतील किती उरली हे क्वचितच कोणी मोजते. रोपे मरण्याची कारणे बहुधा लावणीच्या आधीच घडलेली असतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जागा न पाहता खड्डे खणणे. उघड्या दिसणाऱ्या डोंगरउतारावर पळस, धावडा, खैर यांचे तोडलेले, चरलेले खुंट जमिनीत जिवंत असतात आणि चराई व वणवा थांबला की दोन-तीन पावसाळ्यांत त्यांना जोमाने फुटवे येतात. अशा ठिकाणी राखण हेच खरे काम असते, आणि खड्ड्यांसाठी हे खुंट उखडून टाकणे हे जंगलाचे नुकसानच आहे. पुरंदर-बारामतीकडची माळराने तर पडीक नव्हेतच. तेथील गवतावर चिंकारा आणि लांडगे जगतात, मेंढपाळांचे कळप जगतात. त्यामुळे तेथे दाट झाडी उभी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक झाडाच्या निवडीची. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेली उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, इतकी माजली आहे की तिच्याखाली स्थानिक रोपट्यांना फारसा वाव उरत नाही. मात्र झाड देशी असले म्हणजे ते कोठेही चालते, असेही नाही. अर्जुन, करंज, उंबर यांना ओढ्याकाठची ओल मानवते. मुरमाड उतारावर खैर, सालई, धावडा, हिवर, बोर हीच मंडळी तग धरतात. जवळच्या देवराईत किंवा जुन्या बांधावर काय वाढले आहे हे पाहिले, तर यादी आपोआप तयार होते.

रोपाची उंची पाहून भुलू नये. आमच्या गटाने एका रोपवाटिकेतून कमरेएवढी, टवटवीत रोपे आणली होती. तिसऱ्या वर्षी त्यांतील एक अर्जुन जागच्या जागी वाळला, म्हणून उपटून पाहिला, तर प्लास्टिकची पिशवी काढून लावलेला असूनही त्याच्या मुळांचा गठ्ठा हुबेहूब पिशवीच्या आकाराचा होता; मुळे एकमेकींभोवती वेटोळे घालून बसली होती आणि एकही मूळ बाहेरच्या मातीत शिरले नव्हते. रोप पिशवीत फार काळ राहिले की असे होते. म्हणून घेतानाच एक-दोन पिशव्या फाडून पाहाव्यात आणि लावताना तळाशी गोल फिरलेली मुळे धारदार चाकूने छाटावीत. खड्डा उन्हाळ्यातच, साधारण दीड फूट लांब, रुंद आणि खोल खणून तापू द्यावा. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे, कारण कच्च्या खतामागे उधई (वाळवी) येते.

बीजगोळे, म्हणजे बी घालून वळलेले मातीचे गोळे, फेकणे सोपे आहे, म्हणून ते लोकप्रिय झाले. पण जांभळाचे बी वाळले की उगवणशक्ती गमावते, कडुनिंबाचेही काही आठवड्यांतच निकामी होऊ लागते. अशा बियांचे गोळे करून उन्हात वाळवणे म्हणजे त्या मारणेच होय. ही बी ताजी असतानाच पेरावी. बाभूळ, बहावा यांचे कवच कठीण असल्याने त्या बिया टिकतात, पण कवच न खरवडता पेरल्या तर उगवायला फार वेळ घेतात.

लावल्यानंतर रोप काय सांगते ते नीट वाचावे. पाने पिवळी आणि माती ओलीच असेल, तर पाणी साचते आहे. आळ्यातल्या पाण्याला वाट करून द्यावी. खोडावर मातीचे पापुद्रे दिसले, तर उधई लागली आहे. शेंडा सुरीने तिरपा कापल्यासारखा तुटला असेल तर तो बहुधा सशाने तोडला आहे, आणि पाने-फांद्या ओरबाडल्या असतील तर शेळ्यांनी. शेळ्यांच्या बाबतीत कुंपणापेक्षा बोलणे उपयोगी पडते: गुराख्यांना बैठकीला बोलावून कोणता पट्टा किती वर्षे बंद ठेवायचा आणि गवत कापून कोणी न्यायचे, हे आधी ठरवावे. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेतच ठरवली. गवत वाळू लागताच, म्हणजे वणव्याचे दिवस येण्याआधी, जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढाव्यात.

जमीन कोणाची आहे, हेही लावणीपूर्वीच तपासावे. गायरान, वनजमीन आणि मालकीची जमीन यांच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढे बांबूची तोड आणि राखण या दोन्हींचा निर्णय ग्रामसभेच्या हाती आला. ज्या वनातून हक्काने काही मिळते, ते राखायला माणसे उभी राहतात.

मेच्या अखेरीस वही घेऊन प्रत्येक खड्ड्यापाशी जावे. मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावण्यापूर्वी आधीचे उपटून त्याची मुळे पाहावीत आणि कारण वहीत लिहून ठेवावे.