समुद्र लांब असला तरी हरिकेनच्या पुराची तयारी कशी करायची

हरिकेन, म्हणजे अमेरिकेकडचं जोरदार चक्रीवादळ, येतंय म्हटलं की सगळे आधी कॅटेगरी विचारतात. पण १ ते ५ ही कॅटेगरी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पाऊस किती पडणार हे त्यात धरलेलंच नसतं आणि आतल्या सखल भागात घात होतो तो पावसानेच. २०१७ ला हार्वे वादळाने टेक्सासमधलं ह्यूस्टन शहर बुडवलं तेव्हा त्याच्या वाऱ्याचा वेग हरिकेनच्या पातळीखाली उतरला होता. नॉर्थ कॅरोलायनातलं प्रिन्सव्हिल तर टार नदीच्या काठावरच आहे, १९९९ मध्ये फ्लॉइड वादळाच्या वेळी नदी बांध ओलांडून आली आणि गाव बुडालं, मग २०१६ ला मॅथ्यू वादळाच्या वेळी परत पाणी शिरलं.

म्हणून आत्ताच, आभाळ मोकळं असताना, पुराचा नकाशा काढून आपलं घर कुठे येतं ते बघा, आणि गावाबाहेर जायचा कुठला रस्ता आधी पाण्याखाली जातो ते जुन्या लोकांना विचारून दुसरा रस्ता पक्का करून ठेवा. अमेरिकेत साध्या घराच्या इन्शुरन्समध्ये पूर सहसा धरत नाहीत, वेगळी पॉलिसी लागते, आणि सरकारी योजनेतली पॉलिसी साधारण ३० दिवसांनी लागू होते. वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर धावपळ करून काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वादळ गेल्यावर. ऊन पडतं, लोक घरी परततात, आणि वरच्या भागात पडलेला पाऊस नदीतून एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा खाली येतो, त्यामुळे वरच्या बाजूच्या नदीची पातळी बघत राहा आणि ती उतरायला लागल्याशिवाय परत जाऊ नका, प्लीज.

गाडी पाण्यात घालू नका. ३० सेंटीमीटर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते, ६० मध्ये मोठ्या गाड्याही वाहून जातात, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता उरलाय की खचलाय हे रात्री दिसतच नाही.

घरात अडकलातच तर वर चढा, पण बाहेर पडायला वाट नसलेल्या बंद माळ्यावर नको, पाणी वाढलं की तिथून सुटका नाही, त्यापेक्षा छत गाठा. औषधं, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत आधीच बांधलेली असू द्या. लाइट गेल्यावर जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, उघड्यावरच ठेवा.