गोव्यात घरची भाजी: पाऊस, थंडी, उन्हाळा आणि उभी सुकणारी वांगी

घाटावरचं लागवडीचं कॅलेंडर बघून गोव्यात भाजी लावायला जाऊ नका. तिकडे सगळी काळजी पाणी पुरवायची. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, म्हणजे पाणी बाहेर कसं काढायचं हेच मुख्य काम.

मे महिन्यातच वाफे फूटभर उंच करून घ्या आणि बाजूने चर काढा. चिऱ्याची लाल माती आंबट असते म्हणून चौरस मीटरला मूठ-दोन मूठ चुना, आणि शेणखत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, दोन्ही एकदम टाकलं की खतातलं नत्र हवेत उडून जातं.

पहिल्या पावसाबरोबर दोडकी, पडवळ, कारली, तवशी (काकडी), सात शिरांची भेंडी. मांडव आधी, बी नंतर. चवथीला माटोळीत, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळंभाज्या टांगतो त्या चौकटीत, घरचं पडवळ बांधायचं असेल तर जूनचा पहिला आठवडा चुकवू नका. अळू, हळद, सुरण लावायचं आणि विसरायचं. भर पावसात उघड्यावर तांबडी भाजी (लाल माठ) पेरायचा हट्ट मात्र नको, झोडपून मातीत जाते.

थंडीच्या भाजीचं रोप सप्टेंबरातच करायचं, छपराखाली ट्रेमध्ये. पाऊस पूर्ण जाऊदे म्हणत बसलात तर रोप लावायच्या वेळी तुम्ही बी शोधत फिरणार. चार आठवड्यांचं रोप ऑक्टोबरच्या शेवटी वाफ्यात. मुळा, नवलकोल, तांबडी भाजी ह्यांना काही अक्कल लागत नाही, येतात.

आता वांगी. ह्यांनी मला वर्षानुवर्षं छळलंय, आणि ह्याच्यावर जेवढे फुकट सल्ले मिळतात तेवढे कशावरच नाही. होतं असं की झाड चांगलं हिरवंगार, फुलावर आलेलं, आणि एक दिवस दुपारी पानं लोंबतात, संध्याकाळी परत उभी राहतात, माणूस म्हणतो उन्हाने झालं असेल, चार दिवसांत हिरवंच्या हिरवं झाड मरून जातं. पानं पिवळीसुद्धा होत नाहीत. शेजारचे सांगणार पाणी कमी पडलं, दुकानदार बुरशीनाशक पावडर विकणार. बहुतेक वेळा दोन्ही चूक.

आधी तपासा. मेलेल्या झाडाचा जमिनीलगतचा दोन-तीन इंचाचा दांडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडवून न हलवता स्थिर धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरायला लागले तर तो जिवाणूंचा मर रोग. हा रोग मातीतून येतो, मुळाच्या जखमेतून शिरतो, दांड्यातली पाण्याची वाटच बंद करतो. म्हणून वरून कितीही पाणी ओता, झाडाला ते पोचतच नाही, उलट वाहत्या पाण्याबरोबर जिवाणू पुढच्या झाडाकडे जातात. बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाहीत, ते पैसे ठेवा बाजूला. उबदार, ओलसर, आंबट माती त्याला आवडते, म्हणजे आपलं अंगणच.

लागण झालेल्या झाडाला औषध नाही, हे एकदा मान्य करा. मुळाभोवतीच्या मातीसकट उपटा, पिशवीत भरा, आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाल तर पुढच्या वर्षी बागभर वाटाल. खुरपं धुवा. त्या वाफ्यात पुढची तीन-चार वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा काहीच नको, सगळं एकच घराणं आहे. तिथे अळसांदे (गोव्याची टपोरी चवळी), मका, तांबडी भाजी चालेल. नवीन वाफा उतारावर वरच्या बाजूला घ्या, रोगट वाफ्याचं पाणी त्यात येता कामा नये. आणि झाडाच्या बुडाशी खोल खणत बसू नका, मुळं तुटतात तिथूनच तो शिरतो.

जागा एवढीशीच असेल तर जातच बदला. वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, टोमॅटोत अर्का रक्षक ह्या मर रोगाला तोंड देणाऱ्या जाती आहेत. चवीला आमच्या आगशी गावच्या वांग्याची सर नाही हे मीच आधी सांगतो. आगशीचंच हवं असेल तर मोठ्या कुंडीत, वाफ्याची एक मूठही माती न घालता, नाहीतर रानवांग्यावर कलम केलेलं रोप मिळवा. रानवांग्याची मुळं ह्या रोगाला सहसा दाद देत नाहीत.

फेब्रुवारीनंतर सोपं. भेंडी, चवळी, तांबडी भाजी, पाणी सकाळी, बुडाशी सुकलेल्या पानांचा थर, आणि दुपारच्या उन्हाला माडाच्या चुडतांची सावली. रिकाम्या वाफ्यात झेंडू लावा, मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी त्याने कमी होतात, आणि हेच सूत्रकृमी मर रोगाला दार उघडून देतात.

सात शिरांच्या भेंडीची दोन-तीन चांगली फळं झाडावरच वाळू द्या. बी राखेत घोळून बाटलीत भरा, बाटलीचं झाकण घट्ट लावा, पावसाळी दमट हवेने अर्धं बी उगवत नाही.