पाळीची वही हसत लिहा, पण या चुका टाळा

मागच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर माझ्या पुतणीने तीनदा लिहिलंय, "मामी आली." त्यातली एक मामी खरीच होती, दिवाळीला एसटीने आलेली, हातात चकल्यांचा डबा घेऊन. बाकीच्या दोन म्हणजे पाळी. आता कोणती कोणती, ते पोरीला स्वतःलाच सांगता येईना. आजी बाजूला तूर निवडत होती. ती म्हणाली, "काव पोरी, तुयी मामी कितीकदा येते व?" आम्ही तिघी पोट धरून हसलो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेत शिकवते. घरातल्या आणि शेजारच्या पोरी-बाया पाळीच्या वह्या लिहितात, त्या मी तीन वर्षं जवळून पाहतेय. लाजत लिहिलेली वही दोन महिन्यांत बंद पडते, हसत लिहिलेली चालते. मात्र हसण्याच्या नादात काही चुका होतात आणि वहीचा उपयोगच जातो.

टोपणनाव ठेवा, पण तारीख उघडी लिहा

मामी, पाहुणी, कावळा, काय म्हणायचं ते म्हणा. "कावळा शिवला" तर आपल्या आज्याही म्हणायच्या. पण विनोद तारखेच्या शेजारी हवा, तारखेच्या जागी नको. समासात आकड्यांत तारीख आणि एकच ठरलेली खूण, पुढे वाटेल ते. पुतणी आता समासात लाल टिकली काढते. मामी येवो न येवो, टिकली फक्त पाळीची.

मोजायला कुठून सुरुवात करता?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पाळी 4 जूनला सुरू झाली, 8 जूनला थांबली आणि पुढची 1 जुलैला आली, तर बहुतेक जणी 8 पासून मोजतात आणि "तेवीसच दिवसांत आली" म्हणून घाबरतात. मोजायचं पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत. 4 जून ते 1 जुलै म्हणजे 27 दिवस, अगदी व्यवस्थित. आदल्या दिवशी नुसता डाग पडला असेल तर तो पहिला दिवस धरू नका. नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला. मोठ्या बाईला साधारण 21 ते 35 दिवसांचं अंतर चालतं. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षं 45 दिवसांपर्यंतही जाऊ शकतं. दर महिन्याला तीच तारीख येईल असं नसतं.

दुसरी गफलत आपल्या रीतीतून येते. माझ्या सासूबाई ठामपणे सांगतात, "मले त चारच दिवस रायते." खोदून विचारलं तेव्हा कळलं, चार दिवस बाजूला बसायचं आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, म्हणून चार. त्यांच्या तरुणपणी रक्त सहा-सात दिवस जायचं, पण पाणी घेतलं की हिशोब बंद! कितीतरी घरांत आजही हेच चालतं. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस?" की उत्तर तयार, "चार." वहीत नहाणाचा दिवस नको, शेवटचा डाग दिसला तो दिवस लिहा. रक्तस्राव सात दिवसांच्या वर जात असेल तर तो आकडा दाखवायलाच हवा.

"लय गेलं" म्हणजे किती?

नुसते पॅड किंवा कपडे मोजले तरी फसगत होते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी कमरेला झोळ बांधून वावरात जाते ती संध्याकाळी परतते. तिथे आडोसा नाही, पाणी नाही. दिवसभरात एकच पॅड वापरलं याचा अर्थ रक्त कमी गेलं असा नाही, बदलायला जागा मिळाली नाही असा आहे. म्हणून संख्येबरोबर किती भिजलं तेही लिहा: थेंब, अर्धं की पूर्ण. आमच्याकडे "सरी, झड, पूर" हे शब्द रुळलेत. दर तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन-तीन तास सलग चाललंय, तर वही ठेवा बाजूला आणि दवाखाना गाठा.

दुखणं विनोदाखाली झाकू नका

माझ्या जाऊबाईंनी पाच महिने एकच वाक्य लिहिलं, "पोटात पोळ्याचे बैल सुटले." वाचून आम्ही दर वेळी हसायचो. त्या बैलांपायी त्या महिन्यातून दोन दिवस उठू शकत नव्हत्या, हे मात्र वहीत कुठेच नव्हतं. वाक्य सुंदर आहे, राहू द्या. शेजारी एवढंच जोडा: शाळा किंवा मजुरी किती दिवस बुडाली, गोळी घ्यावी लागली का.

हसायचं कशाला, हेही बघा. बैलांना हसा, ऐन लग्नात आलेल्या पाळीला हसा. "मी घाणेरडी", "मी अशुभ" असं गमतीतही लिहू नका, पोरीला तर मुळीच लिहू देऊ नका. मी चौदा वर्षांची असताना भावाने माझी वही अंगणात मोठ्याने वाचून दाखवली. तेही हसणंच होतं. त्यानंतर कित्येक वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. म्हणून वही कोण वाचेल ते लिहिणारीनेच ठरवावं. घरात एकच मोबाईल असेल तर त्यातलं पाळीचं ॲप कोणाच्याही हातात असताना सूचना दाखवतं. अशा घरात वीस रुपयांची वही बरी.

सणासाठी घेतलेली गोळी लिहायला विसरू नका

महालक्ष्म्या आल्या की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुरू होतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. घेतल्या असतील तर कधी सुरू केल्या, कधी थांबवल्या ते लिहा. नाहीतर पुढच्या महिन्यात "चक्र बिघडलं" म्हणून उगाच जीव घाबरा होतो. पाळी आलीच नाही तर तेही लिहा, पान कोरं ठेवू नका.

आणि तारखा बघून "सेफ दिवस", म्हणजे गर्भ राहणार नाही असे दिवस, ठरवू नका. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, आणि पुढची पाळी नेमकी कधी येणार हे वहीला आधी ठाऊक नसतं.

वही दवाखान्यात न्या

आरोग्य केंद्रात पहिला प्रश्न असतो, शेवटची पाळी कधी आली? तिथे आठवत बसण्यापेक्षा वही उघडा. जाऊबाई लाजत होत्या, बैल कोणाला दाखवायचे म्हणून. सिस्टरने ते वाक्य वाचलं, खळखळून हसल्या, आणि मग बोट समासावरून खाली नेलं. नऊ दिवस, आठ दिवस, नऊ दिवस. लगेच हिमोग्लोबिन तपासलं. बाईचं 12 च्या वर हवं, ह्यांचं आठच्या आसपास निघालं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, म्हणून त्याचीही तपासणी केली आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. उपचार सुरू होऊन चार महिने झालेत. या वेळच्या पानावर समासात "6 दिवस" आहे, आणि पुढे: "बैल आले, पण धुऱ्यावरच थांबले. मी वेचणीला गेले."