सिनिअर सिस्टर रोज छळत असेल तर काय करायचं

मिरज-सांगलीत हॉस्पिटलं भरपूर आणि नवीन सिस्टर्सही भरपूर, बऱ्याच जणी गावाकडून येऊन हॉस्टेलवर राहणाऱ्या, त्यांच्यासाठी लिहितेय. काम चुकलं म्हणून इनचार्ज बोलल्या तर तो छळ नाही, ते ऐकून घ्यायचं. पण नातेवाइकांसमोर रोज अपमान, मुद्दाम लागोपाठ नाइट, हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना द्यायची पेशंटची माहिती, अर्धवट देऊन नंतर तुमच्यावरच ढकलणं हा छळच आहे, आणि हँडओव्हरचा प्रकार तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतो.

आधी लिहायला लागा. स्वतःच्या वहीत, वॉर्डच्या नाही. तारीख, वेळ, नेमके शब्द, तिथं कोण होतं, सगळं त्याच दिवशी. ड्युटी चार्टचा फोटो, व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, पण पेशंटचं नाव किंवा केस पेपर फोटोत अजिबात नको.

बोलायचं बळ असेल तर एवढंच म्हणा, "मॅडम, चुकलं तर सांगा, पण पेशंटसमोर नको." नाही थांबलं तर मेट्रनला, म्हणजे सगळ्या सिस्टर्सच्या प्रमुखांना, लेखी अर्ज, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच ठेवायचीच, तोंडी तक्रारीला नंतर कुणी ओळख देत नाही.

लैंगिक त्रास असेल तर २०१३ च्या कायद्याने हॉस्पिटलच्या अंतर्गत समितीकडे ३ महिन्यांच्या आत तक्रार करायची, स्टाफ १० पेक्षा कमी असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा होऊ शकतो, वकिलाला विचारा.

झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे. आणि रागाच्या भरात राजीनामा लिहून देऊ नका, आधी घरी बोला, दुसरीकडं नोकरी बघा आणि अनुभवाचा दाखला हातात घेऊनच बाहेर पडा.